भारतीय लांडग्याचे प्रजनन

भारतीय लांडगा (शास्त्रीय नाव: कॅनिस ल्युपस पॅलिपीस) हा करड्या लांडग्याचा एक उपप्रकार असून तो प्रामुख्याने दख्खनच्या आणि मध्य भारताच्या माळरानांवर, खुरट्या झुडपांच्या प्रदेशात व शेतांच्या कडेने राहतो. त्याची मादी वर्षातून एकदाच माजावर येते, टोळीतील साधारणतः एकच जोडी वितो आणि एका वेतात बहुधा चार ते सहा पिल्ले होतात. ही पिल्ले जन्मानंतरचे पहिले दोन-अडीच महिने बिळाच्या आश्रयाने काढतात. त्या काळात बीळ उद्ध्वस्त झाले तर टोळीचे ते संपूर्ण वर्ष वाया जाते, कारण मादी पुन्हा माजावर येण्यासाठी पुढचा हिवाळा उजाडावा लागतो. महाराष्ट्रात अशी बिळे मुख्यतः अभयारण्यांच्या बाहेर, गायरान, पडीक आणि झुडपी जमिनींवर असतात. त्यामुळे या प्राण्याच्या प्रजननाचा विचार जमिनीच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही.

नाव आणि वर्गीकरण

या लांडग्याचे पहिले शास्त्रीय वर्णन मुंबई इलाख्याच्या सैन्यातील अधिकारी विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३१ मध्ये दख्खनमधील नमुन्यांवरून केले. 'पॅलिपीस' या लॅटिन विशेषणाचा अर्थ 'फिकट पायांचा' असा आहे. म्हणजे विज्ञानाला या प्राण्याची ओळख मराठी मुलखातच झाली. जनुकसंचाच्या अलीकडील अभ्यासांनुसार भारतीय लांडग्याची वंशशाखा आज जिवंत असलेल्या करड्या लांडग्यांमध्ये अतिप्राचीन आहे. उत्तर अमेरिका व युरोपातील लांडग्यांच्या मानाने तो लहान चणीचा असतो. प्रौढ नराचे वजन साधारण २० ते २५ किलो भरते, मादी त्याहून हलकी असते.

टोळी आणि विण्याचा अधिकार

लांडग्यांच्या टोळीविषयी सर्वाधिक रूढ असलेली कल्पना म्हणजे बळाच्या जोरावर सत्ता गाजवणारा 'अल्फा' नर आणि त्याची मादी. तिचा उगम रुडॉल्फ शेन्केल यांनी स्वित्झर्लंडमधील बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात केलेल्या आणि १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत आहे. तेथे परस्परांशी फारसे नाते नसलेले लांडगे एकाच आवारात ठेवलेले होते, त्यामुळे त्यांच्यात झुंजी होत व उतरंड तयार होई. अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ एल. डेव्हिड मेक यांनी १९७० मधील आपल्या ग्रंथात हीच परिभाषा वापरली, आणि ती जगभर पसरली. पुढे निसर्गातील लांडग्यांचे अनेक वर्षे निरीक्षण केल्यावर मेक यांनीच १९९९ मध्ये ती दुरुस्त केली. निसर्गातील टोळी हे बहुतेक वेळा एक कुटुंब असते: आईबाप, यंदाची पिल्ले आणि मागच्या एकदोन वेतांतील तरुण लांडगे. आईबाप पुढाकार घेतात तो पालक म्हणून.

एकाच जोडीने विण्याचा 'नियम' या कुटुंबरचनेतून आपोआप निघतो. टोळीतील इतर माद्या बहुधा त्या जोडीच्या मुली असतात, आणि लांडगे जवळच्या रक्ताच्या नात्यात जोडी जमवणे सहसा टाळतात. दोन वर्षांच्या आसपास वयात आलेले तरुण टोळी सोडून जातात, नवा मुलूख आणि जोडीदार शोधतात. जे मागे राहतात ते धाकट्या भावंडांचे राखणदार बनतात. विण्याच्या हंगामात न व्यालेल्या माद्यांच्या, इतकेच काय नरांच्याही शरीरात प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढते आणि पिल्लांविषयीची ओढ त्यांच्यातही दिसते. मादी बिळात असताना तिला व पुढे पिल्लांना अन्न पुरवण्याचे काम सगळी टोळी करते.

या नियमाला अपवाद आहेत. अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १९९५-९६ मध्ये कॅनडातून लांडगे आणून सोडण्यात आले. तेथील 'ड्रुइड पीक' टोळीत २००० साली तीन माद्या एकाच हंगामात व्यायल्या आणि त्यांची वीस पिल्ले जगली. भक्ष्य मुबलक असले आणि नात्याबाहेरचा नर उपलब्ध असला तर एका टोळीत एकाहून अधिक वेते होऊ शकतात. भारतात टोळ्याच लहान असतात, कित्येकदा केवळ नर-मादी आणि त्यांची पिल्ले एवढ्याच, त्यामुळे असा प्रसंग विरळा.

नात्यातील जोडी टाळणे शक्यच झाले नाही तर काय होते, हे सुपीरियर सरोवरातील आइल रॉयल या बेटावर दिसून आले. बाहेरून नवे लांडगे येणे थांबल्यावर तेथे नात्यातच प्रजनन होत राहिले, पाठीच्या कण्यातील विकृती वाढल्या, आणि २०१६ पर्यंत केवळ दोन लांडगे उरले. ती दोघे बाप-लेक होती. २०१८ पासून तेथे बाहेरून लांडगे आणावे लागले. माळरानांचे तुकडे एकमेकांपासून तुटत चालले की जमिनीवरही अशीच बेटे तयार होतात.

ऋतुमान

भारतीय लांडग्यांचा समागमकाळ सर्वसाधारणपणे ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत असतो. गर्भकाळ ६० ते ६३ दिवसांचा, म्हणजे पाळीव कुत्रीइतकाच. त्यामुळे बहुसंख्य वेते डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात होतात. उत्तर अमेरिकेतील लांडगे हिवाळ्याच्या अखेरीस जोडी जमवतात व एप्रिल-मेमध्ये वितात. दख्खनमधील वेळापत्रक त्याहून काही महिने आधीचे आहे. येथील बिळे पावसाळ्यात पाण्याने भरतात आणि हिवाळ्यात कोरडी असतात. शिवाय हिवाळ्यात जन्मलेली पिल्ले पुढचा पावसाळा सुरू होईपर्यंत टोळीबरोबर हिंडण्याइतकी मोठी झालेली असतात.

बीळ

मादी क्वचितच संपूर्ण नवे बीळ खणते. खोकड, साळिंदर किंवा तरस यांची जुनी बिळे रुंद करून वापरण्याकडे तिचा कल असतो. नाल्याच्या काठाची दरड, घळीतील कपार, दाट झुडपाखालची ओळख न पटणारी पोकळी अशा जागा ती निवडते. पाणी जवळ असणे महत्त्वाचे असते, कारण दूध पाजणाऱ्या मादीला लांब जाता येत नाही.

एकच बीळ शेवटपर्यंत वापरले जाईलच असे नाही. सोलापूरजवळच्या नान्नज येथील माळढोक पक्षी अभयारण्य व परिसरात बिलाल हबीब आणि सतीश कुमार यांनी लांडग्यांच्या बीळ बदलण्याच्या सवयीचा खास अभ्यास केला, व तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. मनुष्यवस्ती आणि लांडगे एकाच प्रदेशात मिसळून राहतात अशा ठिकाणी मादी पिल्लांना एकेक करून तोंडात धरते व दुसऱ्या बिळात हलवते. म्हणून एका टोळीला एक बीळ पुरत नाही. हाताशी दोन-चार पर्यायी बिळे असावी लागतात. माळाचा एखादा कोपरा राखून ठेवला आणि भोवतालचा भाग सपाट केला, तर ही गरज भागत नाही.

वेत आणि पिल्लांची वाढ

जन्मतः पिल्लू अर्ध्या किलोहून कमी वजनाचे, आंधळे, बहिरे आणि लोंबत्या कानांचे असते. अंगावरची लव काजळी-तपकिरी रंगाची, आणि छातीवर दुधासारखा पांढरा ठिपका. हा ठिपका वयाबरोबर नाहीसा होतो. पिल्लांची प्रौढांशी तुलना करून 'हा लांडगा नव्हेच' असा निष्कर्ष पुष्कळदा निघतो, तो या रंगामुळे. डोळे साधारण दुसऱ्या आठवड्यात उघडतात. ते सुरुवातीला निळसर असतात व काही आठवड्यांनी पिवळे होतात. तिसऱ्या आठवड्यात दुधाचे दात येऊ लागतात आणि पिल्ले बिळाच्या तोंडाशी येऊन खेळू लागतात.

चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून त्यांना दुधाशिवाय मांसही मिळू लागते. शिकारीहून परतलेल्या लांडग्याच्या तोंडाला पिल्ले नाक घासतात, चाटतात, तेव्हा तो पोटातले अर्धपचित मांस त्यांच्यापुढे ओकतो. पाळीव कुत्र्याचे पिल्लू माणसाचे तोंड चाटायला धावते त्यामागे हीच जुनी सवय असावी असे मानले जाते. आठ ते दहा आठवड्यांत दूध तुटते. त्यानंतर टोळी बीळ सोडते आणि पिल्लांना झुडपांच्या आडोशाच्या एखाद्या ठरावीक जागी ठेवून शिकारीला जाते. सहा-सात महिन्यांची झाल्यावर पिल्ले मोठ्यांबरोबर हिंडू लागतात आणि वर्षभरात प्रौढांच्या आकाराला येतात.

पिल्लांचे मरण

पिल्लांपैकी बरीच पहिले वर्ष पूर्ण करत नाहीत. उपासमार आणि रोग ही कारणे सर्वत्रच असतात. भारतात माणसाने बीळ उद्ध्वस्त करणे हे त्यांत भर घालणारे मोठे कारण आहे. लांडगा शेळ्यामेंढ्यांवर पडतो. ज्याची सारी पुंजी चार पायांवर चालते अशा मेंढपाळाला एका रात्रीत तीन-चार कोकरे जाणे परवडत नाही. बीळ सापडले की तोंडाशी पालापाचोळा पेटवून धूर कोंडणे किंवा दगडांनी तोंड बुजवणे, हा त्यावरचा जुना व निर्दय उपाय. ब्रिटिश अमदानीत तर लांडगा मारण्याला सरकारी बक्षीस होते. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या मांडणीनुसार १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत बक्षिसांसाठी दोन लाखांवर लांडगे मारले गेले. आज हा प्राणी १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला मारणे, पकडणे वा पाळणे हा गुन्हा आहे. लांडग्याने जनावर मारल्यास महाराष्ट्रात वनविभागाकडून भरपाई मिळते, परंतु ती पंचनाम्यावर अवलंबून असते. आज या शिवारात तर चार दिवसांनी पुढच्या तालुक्यात असा मुक्काम हलवणाऱ्या मेंढपाळाला पंचनाम्यासाठी थांबणे अवघड जाते.

दुसरा, अलीकडे वाढलेला धोका मोकाट कुत्र्यांचा आहे. गावाच्या कडेला टाकलेल्या मेलेल्या जनावरांवर व कचऱ्यावर पोसलेल्या कुत्र्यांच्या झुंडी माळावर फिरतात, पिल्ले मारतात, आणि डिस्टेंपर, पार्व्हो, रेबीज यांसारखे रोग बरोबर आणतात. त्याहून सूक्ष्म धोका संकराचा. लांडगा आणि कुत्रा यांची संतती जननक्षम असते. टोळ्या फुटल्यावर एकट्या पडलेल्या लांडग्याला आपल्या जातीचा जोडीदार मिळाला नाही तर तो कुत्र्याशी जोडी जमवतो. पुणे जिल्ह्यातील गवताळ प्रदेशात वेगळ्याच रंगाचा प्राणी निसर्गप्रेमींच्या नजरेस आला. त्याच्या जनुकीय तपासणीतून भारतातील लांडगा-कुत्रा संकराचा पहिला जनुकीय पुरावा मिळाला, आणि तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुण्याचा 'द ग्रासलँड्स ट्रस्ट' आणि बंगळूरचे शास्त्रज्ञ यांनी हे काम केले.

पिल्ले मारली म्हणून लांडगे माणसाचा सूड घेतात, ही समजूत जुनी आहे. उत्तर प्रदेशातील बहराइच जिल्ह्यात २०२४ साली लहान मुलांवर हल्ले झाले तेव्हा ती वृत्तपत्रांतून पुन्हा फिरली. तिला शास्त्रीय आधार नाही.

वर्धा जिल्हा आणि झुडपी जंगल

वर्धा जिल्ह्याचे ढोबळ मानाने दोन भाग पडतात. उत्तरेकडे आर्वी, आष्टी, कारंजा या तालुक्यांत सातपुड्याच्या फाट्यांच्या टेकड्या, गवताळ उतार आणि गुरांचा व्यवसाय. दक्षिणेकडे देवळी, हिंगणघाट, समुद्रपूर भागात काळ्या मातीची कपाशी, तूर व सोयाबीनची शेती. उत्तरेकडच्या कुरणांवरच नंदगवळी समाजाने गवळाऊ ही चपळ, पांढरी गोजात जोपासली. जिल्ह्याचे प्रसिद्ध संरक्षित क्षेत्र म्हणजे बोर. १९७० मध्ये अभयारण्य आणि जुलै २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालेले हे वन सुमारे १३८ चौरस किलोमीटरचे, देशातील सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक आहे. परंतु ते सागवानाचे आणि वाघाचे रान आहे. लांडग्याला दाट जंगल मानवत नाही. नजर लांबवर पोहोचेल असा उघडा मुलूख त्याला लागतो, आणि अशा मुलखाला व्याघ्र प्रकल्पाचे कुंपण नसते.

विदर्भात बिळाशी दिसलेली पिल्ले कोणाची, याविषयी नेहमी गोंधळ होतो. तडस (तरसाचे वऱ्हाडी-नागपुरी नाव), कोल्हा, खोकड, रानकुत्रा आणि लांडगा या पाचही प्राण्यांची पिल्ले बिळात वाढतात. तडसाची पिल्ले जन्मापासून पट्टेदार असतात, त्यामुळे ती लगेच ओळखू येतात. रानकुत्रा जंगलातला, रंगाने तांबूस, आणि त्याचे वेत लांडग्यापेक्षा मोठे असू शकते. तुरीच्या कापणीच्या किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत धुऱ्याला पिल्ले दिसली की 'आई टाकून गेली' असा समज होतो. मादी बहुतेक वेळा जवळपासच असते किंवा शिकारीला गेलेली असते. पिल्ले उचलून घरी आणणे हे त्यांच्या दृष्टीने मरण आणि कायद्याच्या दृष्टीने गुन्हा ठरतो. अशा वेळी वनविभागाचा १९२६ हा निःशुल्क क्रमांक उपलब्ध आहे.

वर्ध्यासह नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांच्या महसुली दप्तरांत 'झुडपी जंगल' नावाची नोंद आढळते. जुन्या मध्य प्रांताच्या काळापासून चालत आलेली ही नोंद खुरट्या झुडपांच्या, मुख्यत्वे चराईच्या जमिनींची आहे. नाव जंगलाचे आणि ताबा महसूल खात्याचा, अशा या सुमारे ८६ हजार हेक्टर जमिनींचे नेमके काय समजायचे, यावर अनेक दशके वाद चालला. दरम्यान त्यांतील कित्येक तुकड्यांवर शाळा, वस्त्या, कार्यालये आणि रस्ते उभे राहिले. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या जमिनी १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशानुसार वनजमिनीच मानल्या जाव्यात असा निर्णय दिला. त्या तारखेपूर्वी वाटप झालेल्या जमिनींच्या नियमितीकरणासाठी केंद्राकडे जाण्याची मुभा राज्याला दिली. वाटप न झालेले, वनाला लागून नसलेले आणि तीन हेक्टरांहून लहान असे विखुरलेले तुकडे 'संरक्षित वन' म्हणून घोषित करावेत, असेही न्यायालयाने सांगितले.

लांडग्याच्या दृष्टीने हे विखुरलेले तुकडे क्षुल्लक नाहीत. तीन हेक्टरांत टोळी राहू शकत नाही, पण नाल्याकाठचे एक बीळ तेथे मावते. मादीला हंगामात हलण्यासाठी लागणारी पर्यायी बिळे अशाच तुकड्यांत असू शकतात. मात्र 'वन' हा शिक्का बसला म्हणजे तेथे ओळीने रोपे लावण्याची घाई होते. गवताळ व झुडपी जमिनीला 'पडीक' म्हणण्याची सवय सरकारी नकाशांतही आहे. खड्डे खणून, रोपे लावून दाट केलेला माळ लांडग्याच्या, काळविटाच्या आणि मेंढपाळाच्याही उपयोगाचा राहत नाही.

देशात एकूण सुमारे ३,१०० लांडगे असावेत असा अंदाज भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये मांडला. हा आकडा वाघांच्या संख्येच्या आसपासचा आहे. केवळ लांडग्यांसाठी राखलेली क्षेत्रे मात्र अगदी थोडी. झारखंडमधील महुआडांड अभयारण्य १९७६ मध्ये स्थापन झाले, आणि कर्नाटकातील बंकापूर अलीकडचे. गुजरातेत जुनागढच्या सक्करबाग प्राणिसंग्रहालयात बंदिस्त प्रजनन केले जाते.

भूमिकाखेळांमधील नियम

लांडग्यांची भूमिका घेऊन खेळल्या जाणाऱ्या कथाखेळांत व संगणकीय खेळांत प्रजनन आणि वेत यांविषयी नियम आखलेले असतात. टोळीप्रमुख जोडीलाच पिल्ले घालण्याची परवानगी, वर्षाला एकच वेत, पिल्लांची संख्या फाशाने ठरवणे, आईबापांवरून पिल्लांचा रंग निश्चित करणे, जवळच्या नात्यात जोडीस मनाई, हे त्यांतील नेहमीचे. सर्व खेळाडूंना टोळीत जागा मिळावी आणि पिल्लांची गर्दी होऊ नये, ही त्यामागची व्यावहारिक निकड असते. तरीही नकळत हे नियम निसर्गाच्या बरेच जवळ जातात. त्यांतली 'अल्फा'ची परिभाषा मात्र शेन्केलच्या पिंजऱ्यातलीच राहिली आहे. मिनेसोटा प्राणिसंग्रहालय आणि एड्युवेब यांनी २००७ मध्ये काढलेला 'वुल्फक्वेस्ट' हा खेळ यलोस्टोनच्या अभ्यासावर आधारलेला असून त्याच्या पुढील भागांत पिल्ले वाढवणे हेच खेळाडूचे मुख्य काम असते. तेथे गरुड, अस्वल, कोयोट आणि भूक या पिल्लांच्या वैरी आहेत.

असे बहुतेक खेळ उत्तर अमेरिकेच्या बर्फाळ ऋतुचक्रावर बेतलेले असतात. त्यांत एप्रिलमध्ये वेत होते आणि उन्हाळाभर पिल्ले वाढतात. हाच खेळ दख्खनच्या किंवा वर्ध्याच्या भूमीवर आणायचा तर समागम दिवाळीच्या सुमारास, वेत पौष-माघात आणि दूध तुटणे होळीच्या आगेमागे धरावे लागेल. टोळी चार-सहा लांडग्यांचीच ठेवावी लागेल. फाशावर अस्वलाऐवजी मोकाट कुत्री, बिळाच्या तोंडाशी केलेला धूर आणि माळ सपाट करणारे यंत्र यांची दाने ठेवावी लागतील.